दुखणं थांबलं, म्हणजे दाढ बरी झाली का?

आज आपण दातांबद्दल बोलणार आहोत.

झालं असं, मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि एका वहिनींनी भाजलेल्या शेंगांचं ताट मध्ये ठेवलं. आम्ही अठराजणी होतो. बघतो तर सातजणी एकाच बाजूने चावत होत्या आणि दोघींनी ताटाला हातच लावला नाही. विचारलं तर एक म्हणाली, "माझी डावी बाजू तीन वर्षं बंदच आहे." जणू रस्ता बंद असावा तसं! मग एकेक जण बोलायला लागली. कुणाची दाढ ठणकते, कुणाच्या हिरड्यांतून रक्त येतं, कुणाला गार पाणी सोसत नाही. आणि डॉक्टरकडे किती जणी गेल्या होत्या? एकही नाही. गोठ्यातल्या म्हशीने एक वेळ वैरण सोडली तर आपण डॉक्टरला फोन करतो, आणि स्वतः तीन वर्षं एका बाजूने जेवतो.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांचे प्रश्न वहीत लिहून घेतले आणि ग्रामीण रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

पण त्याआधी आमच्यातल्याच एकीची गोष्ट. ती म्हणाली, माझं नाव घेऊ नका, पण गोष्ट जरूर सांगा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिची खालची दाढ ठणकायला लागली. रात्र रात्र झोप नाही. दुकानातून गोळी आणायची, दोन घास खाऊन घ्यायची आणि सकाळी रानात जायचं. आठ दिवसांनी ठणका आपोआप थांबला. तिला वाटलं, सुटले बाई. महिन्याभराने एका रात्रीत गाल आणि हनुवटीखालचा भाग सुजला. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, अंगात ताप. जिल्ह्याच्या रुग्णालयात भरती करावं लागलं. गळ्याशी चीर देऊन पू काढला. तो वण अजून आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता.

म्हणून वहीतला पहिला प्रश्न हाच होता: दुखणं थांबलं, म्हणजे दाढ बरी झाली का?

नाही. दाताचं वरचं कवच फार टणक असतं. त्याला कीड लागते तेव्हा आपल्याला काहीच कळत नाही. कीड कवचाच्या आत गेली की गार आणि गोड झोंबायला लागतं. त्याच्याही आत दाताची नस असते. कीड तिथे पोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. आणि मग एक दिवस ती नस मरते. नस मेली की दुखणं थांबतं. पण कीड थांबत नाही, ती मुळातून हाडात उतरते आणि तिथे पू धरते. म्हणजे ठणका थांबला तेव्हा आजार संपलेला नव्हता, सांगणारी नस तेवढी मेली होती.

गार झोंबतं तेव्हाच गेलात, तर साधं सिमेंट भरून दाढ वाचते. ठणका लागल्यावर गेलात, तर रूट कॅनाल करावं लागतं. म्हणजे आतली खराब नस काढून, पोकळी साफ करून ती भरतात, आणि बहुतेक वेळा वर कॅप बसवतात. त्याला दोन-तीन खेपा आणि जास्त पैसे लागतात. त्याहून उशीर केला तर दाढ काढावीच लागते. दरवेळी थांबण्याची किंमत वाढत जाते.

दातात अळी असते, ती धुरीने पडते म्हणतात. खरं का?

आमच्या गटातल्या दोन आजींनी लहानपणी रिंगणीच्या बियांची धुरी घेतली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दातात अळी नसते. कीड हा नुसता शब्द आहे." तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्लं की ते त्यातून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. गोड किती खाल्लं याच्याइतकंच ते किती वेळा खाल्लं, हेही महत्त्वाचं आहे. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटं म्हणजे सहा वेळा आम्ल. लवंगेच्या तेलाने घटकाभर बरं वाटतं, पण त्याने कीड जात नाही. आणि दुखऱ्या दाढेशी गोळी दाबून ठेवू नका, त्याने हिरडी भाजते.

वरची दाढ काढली की नजर कमी होते का?

हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचाच होता. उत्तर आहे, नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. बऱ्याच जणांची दाढ चाळिशीनंतर काढली जाते आणि चष्माही त्याच वयात लागतो, म्हणून तसं वाटतं. उलट सडलेली वरची दाढ तशीच ठेवली तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते.

दाढ काढल्यावर मात्र पथ्य पाळायचं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. त्या दिवशी चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही, गरम चहा नाही, तंबाखू-मशेरी तर अजिबात नाही. तिथे रक्ताची गाठ धरते आणि तीच जखम भरते. ती निघाली तर पुन्हा ठणका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरायच्या. साखरेचा आजार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते काढण्याआधीच सांगायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात का?

आमच्या एका मावशींना तसं वाटलं होतं. हिरडीच्या कडेला जे पिवळं, टणक कीटण साचतं, त्याने हिरडी सुजते, रक्त येतं आणि आतलं हाड झिजत जातं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, कीटणाने तो नुसता धरून ठेवलेला असतो. कीटण काढलं की खरी स्थिती कळते. वेळेवर साफ केलं तर हाड वाचतं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, सोडला तर जास्त येतं. आणि साखरेचा आजार असलेल्यांनी हे कान देऊन ऐका: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं जड जातं.

आता मशेरी. हा प्रश्न वहीत कुणीच लिहिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनीच विचारला, "तुमच्यात मशेरी किती जणी लावता?" आम्ही सगळ्या पदराकडे बघायला लागलो. मग एकेक हात वर आला.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. भाजल्याने तिचं विष जात नाही. ती लावली की दाढ दुखायची थांबते, पोट साफ होतं, तरतरी येते असं वाटतं. ती सगळी तंबाखूची नशा. म्हणून तर सकाळी लावली नाही की डोकं धरतं. जिथे आपण ती रोज घोळवतो, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण तंबाखू आहे, मग ती ओढलेली असो, चघळलेली असो की दातांना लावलेली. सुपारीही त्यातलीच. पोटुशीने लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते.

सोडायचं कसं? आमच्यातल्या दोघींनी सुरुवात केली आहे. एकीने पाच वेळांवरून दोनवर आणली. दुसरीने डबीच जावेकडे दिली आणि सांगितलं, मागितली तरी देऊ नको. तल्लफ आली की बडीशेप चघळते, पाणी पिते. दोन-तीन आठवडे जड जातात, चिडचिड होते. घरच्यांनी तेवढं सांभाळून घ्यायला हवं. 1800112356 हा सरकारचा तंबाखू सोडवण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. त्यावर बोलून मदत मिळते.

मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीने महिन्यातून एकदा आरशासमोर, उजेडात तोंड उघडून बघायचं. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? तोंडात उभी तीन बोटं जातात का? यातलं काही आढळलं तर दुखत नसलं तरी जायचं. हे सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच, आणि त्याच वेळी पकडलं तर माणूस वाचतं.

पोटुशी बाईने दाताचा इलाज करावा का?

करावा. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा, पण ठणका किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात जायचं. दिवस गेलेत हे डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे त्या तशी औषधं देतात. "बाळ दातातलं कॅल्शियम खातं" हे खरं नाही. त्या दिवसांत हिरड्या नाजूक होतात, आणि उलट्यांमुळे तोंडात आम्ल येतं. उलटी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांना कशाला जपायचं?

कारण त्यांच्याखाली पक्के दात तयार होत असतात. आणि एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला, कुठलाही दात न पडता, सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. आपण तिला दुधाची समजतो आणि किडू देतो. ती पक्की असते. ती गेली की पुन्हा येत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा पोराचे दात बघायला लावा.

खेळताना पोराचा पक्का दात मुळासकट पडला, तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर क्षणभर पाण्यात धुवा, घासू नका. वाटीभर दुधात ठेवा आणि लगेच, जमलं तर अर्ध्या-एक तासात डॉक्टर गाठा. तो दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

बाजारात बसणारा माणूस स्वस्तात पक्के दात बसवून देतो. घ्यावेत का?

आमच्या एका आजींनी घेतले. त्याने शेजारच्या चांगल्या दातांना तारेने बांधून, मसाला ओतून दात चिकटवले. खाली अन्न कुजलं, आणि वर्षभरात शेजारचे तीन चांगले दातही गेले. शिवाय तीच हत्यारं न उकळता एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात गेली, तर रक्तातून पसरणारी कावीळ किंवा एचआयव्ही होण्याची भीती. दातांचा डॉक्टर शिकलेला आणि नोंदणी केलेला असावा लागतो. भिंतीवर त्याचं प्रमाणपत्र असतं. ते बघायला लाजू नका.

मग जायचं कुठे? पैसे किती?

बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. कोणत्या वारी असतात, ते आशाताईंना विचारा. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. आणि एक लक्षात ठेवा: गालाला किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, असं झालं तर वाराची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं. 108 ला फोन करा. सुजेला बाहेरून शेक देऊ नका.

घरी करायचं ते थोडंच आहे. रात्री झोपताना आणि सकाळी, मऊ ब्रशने दोन मिनिटं, फ्लोराइड असलेल्या पेस्टने. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट. राखुंडी, वीटभुकटी, मीठ खसाखसा घासू नका, कवच झिजतं. सकाळचा राहिला तर राहू दे, रात्रीचा चुकवू नका.

मैत्रिणींनो, आमच्या गटाने ठरवलं आहे. महिन्यातून एक दिवस पाचजणी मिळून रुग्णालयात जायचं. एकटी निघाली की घरातून विचारतात, एवढं काय दुखतंय? पाचजणी निघाल्या की कुणी विचारत नाही. पहिल्या खेपेला डाव्या बाजूचा रस्ता बंद असलेल्या त्या आमच्या वहिनी गेल्या. दोन दाढा भरून झाल्या, एक काढावी लागली. परवाच्या बैठकीत त्यांनी शेंगा दोन्ही बाजूंनी खाल्ल्या.

तुमच्याही पुढच्या बैठकीत शेंगांचं ताट ठेवा. कोण एका बाजूने चावतंय ते बघा, आणि तिला घेऊन चला. नमस्कार.