यॉर्कमधील व्यापाऱ्यांचे सभागृह



युरोपातील 'गिल्ड' या संस्थेला 'श्रेणी' हा आपल्याकडील जुना व नेमका शब्द आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे २४० कार्षापणे झाले आणि त्यांतून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ मिळावयाचे. हिशेब आजही बिनचूक जुळतो. त्या विणकरांची बैठक कोठे भरत असे, हे दाखविणारी वास्तू मात्र उरलेली नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरात अशा एका श्रेणीची वास्तूच उभी आहे, म्हणून तिची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल.

फॉसगेट या रस्त्यावरील कमानीतून आत गेले की 'मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल' दिसतो. १३५७ साली शहरातील काही प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांनी एक धर्मबंधुसंघ स्थापन केला आणि १३६१ पर्यंत ही इमारत पूर्णत्वास नेली. पुढे १४३० मध्ये वस्त्रव्यापाऱ्यांच्या संस्थेस राजसनद मिळाली. १५८१ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिने दिलेल्या सनदेने सध्याचे नाव रूढ झाले. परदेशी व्यापारात भांडवल धोक्यात घालणारे ते 'ॲडव्हेंचरर'. त्यांत साहसापेक्षा जोखमीचा अर्थ अधिक आहे.

वरच्या मजल्यावर ओक लाकडाचे भव्य दालन आहे. मधोमध उभ्या असलेल्या खांबांच्या ओळीने त्याचे दोन भाग पडतात. सहा शतकांहून अधिक काळ भार वाहिलेली ही लाकडे काही ठिकाणी चांगलीच कलली आहेत. येथे व्यापारी एकत्र जमत, सौदे आणि तंटे यांचा विचार करीत, मेजवान्याही झडत.

परंतु प्रेक्षकाने अधिक वेळ द्यावा तो खालच्या मजल्याला. तेथे निराधार व आजारी माणसांसाठी आश्रयस्थान होते. शेजारीच प्रार्थनामंदिर, अंथरुणावरील रुग्णालाही उपासना कानी पडावी, अशी ही योजना. वर व्यापार, खाली सेवा, बाजूला धर्म, असा एकाच छपराखाली साधलेला मेळ क्वचितच पाहावयास मिळतो. अर्थात हा निव्वळ परोपकार नव्हता. दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणे हे तेथील गरिबांचे कर्तव्य मानले जाई. शिवाय बाहेरच्या माणसास व्यापारात शिरकाव मिळू नये, याची दक्षता हीच मंडळी घेत. संस्थेची थोरवी सांगताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१५४७ च्या कायद्याने इंग्लंडमधील धर्मबंधुसंघांची मालमत्ता राजसत्तेकडे गेली. अनेक संस्था नामशेष झाल्या. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने श्रेणींचे व्यापारी विशेषाधिकारही संपुष्टात आले. यॉर्कची संस्था दोन्ही आघातांतून तगली. व्यापारावरील हक्क गेला, तरी खालच्या मजल्यावरील आश्रितांची जबाबदारी तिने सोडली नाही. ते आश्रयस्थान १९०० पर्यंत चालू होते. मध्ययुगात घातलेली ही प्रथा रेल्वे आणि तारायंत्राच्या युगापर्यंत अखंड चालली, हे ध्यानात घेतले म्हणजे खालच्या त्या ठेंगण्या दालनात पाऊल आपोआप मंदावते.

आज ही वास्तू संग्रहालय म्हणून खुली आहे. चांदीची भांडी आणि तसबिरी सर्वांचे लक्ष वेधतात. पण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रथम न्यावे ते दस्तऐवज ठेवण्याच्या जुन्या पेटीकडे. संस्थेने आपले हिशेब जपले. अगदी इमारत उभी राहत असतानाच्या काळातले लेखही तिच्या दप्तरात आहेत. लाकडाची डागडुजी सुतार करतो, परंतु कागद एकदा गेला की तो पुन्हा घडविता येत नाही.

फॉस नदी अगदी लगत असल्याने पुराचे पाणी खालच्या मजल्यात अनेकदा शिरले आहे. तरीही संस्थेने ही जागा सोडलेली नाही. तिचे सभासद आजही वरच्या दालनात सभेसाठी जमतात. विवाहसमारंभांसाठीही ही वास्तू दिली जाते. त्यामुळे येथे जाऊ इच्छिणाऱ्याने त्या दिवशी दालन खुले आहे की नाही, याची आधी चौकशी करून निघावे.