बँडच्या स्टँडवर नवं काय ठेवायचं?



२५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रगीताच्या चालीविषयी निवेदन केलं. त्यात न्यूयॉर्कची एक हकिकत आहे. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी एका प्रसंगी वाद्यवृंदाला भारताचं राष्ट्रगीत वाजवायचं होतं. आपल्या शिष्टमंडळाकडे ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती वाद्यवृंदाला दिली गेली. वादकांनी तालीम केली, मोठ्या समुदायापुढे ती चाल वाजली, आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिचं स्वरलेखन मागितलं. सैन्यदलांचे बँड आणि परदेशातल्या वकिलाती यांना वाजवता येईल अशी चाल तातडीनं हवी होती. नव्या देशाच्या राष्ट्रगीताच्या चर्चेत बँडची सोय हा खरोखरच वजनदार मुद्दा होता.

त्याच काळात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ‘वंदे मातरम’साठी झटत होते. हे गीत बँडवर वाजत नाही, असा आक्षेप होता. मास्टरांनी झिंझोटीच्या अंगानं समूहाला गाता येईल अशी चाल बांधली, जाणकारांच्या मदतीनं तिचं बँडसाठी स्वरलेखन करवून घेतलं आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूनं जाहीर झाला आणि ‘वंदे मातरम’ला समान सन्मान मिळाला. पण एक गवई, ज्याची सारी हयात मैफिलीत आणि रंगभूमीवर गेली, तो क्लॅरिनेट आणि युफोनियमचे पार्ट लिहून घ्यायला बसला, ही गोष्ट मराठी संगीताच्या इतिहासात ठळक अक्षरात यायला हवी. स्टँडवर कागद नसेल तर बँड वाजत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

आजच्या भाषणाचा विषय तोच कागद आहे. बँडसाठी नवी रचना कुठून येते, ती कोण घडवतं, आणि आपल्या हाताशी आज काय आहे?

युरोपातल्या बँडचीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्यासारखीच स्थिती होती. लष्करी बँड चोख वाजवत, पण वाजवत ते ऑपेराचे उतारे, वॉल्ट्झ आणि मार्च. ब्रिटनमध्ये १८५७ साली नेलर हॉलला लष्करी संगीताची शाळा निघाली. वादकांचं शिक्षण सुधारलं, बँडमास्टर तयार झाले, तरी बँडचं म्हणावं असं गंभीर वाङ्मय नव्हतं. १९०९ साली गुस्ताव होल्स्टनं ई-फ्लॅटमधला पहिला सूट लिहिला आणि चित्र पालटायला लागलं. होल्स्ट स्वतः पोटापाण्यासाठी ट्रोम्बोन वाजवलेला माणूस. त्याच सुमारास तो संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांवर समूहगीतं रचत होता आणि महाभारतातल्या सावित्रीवर त्यानं छोटा ऑपेरा लिहिला होता. सूटच्या पहिल्या भागात एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते, खालच्या वाद्यांकडून वरच्या वाद्यांकडे जाते, मध्येच उलटी होते. १९२० साली नेलर हॉलला १६५ वादकांनी ही रचना वाजवली. पण होल्स्टनं रचना करताना मोठ्या ताफ्यावर भिस्त ठेवली नव्हती. किमान १९ वादकांत ती उभी राहावी आणि बाकीचे पार्ट असले तर उत्तम, नसले तरी चालेल, अशी सोय त्यानं लिहितानाच केली. तालुक्याच्या गावातल्या शाळेचा बँड सांभाळणाऱ्यानं ही बाब नीट लक्षात घ्यावी. ही रचना त्याच्यासाठीही आहे.

पर्सी ग्रेंजरची ‘लिंकनशर पोझी’ मात्र कुणाचीच सोय पाहत नाही, आणि आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारी रचना तीच आहे. ग्रेंजर १९०५-०६ साली लिंकनशरच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या गायकांची लोकगीतं गोळा करत होता. सोबत मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ होता. त्या यंत्रामुळे त्याला एक गोष्ट दिसली: गायक सरळ चालीत गात नाहीत. कुठे अर्धी मात्रा वाढते, कुठे श्वास घेताना ताल थबकतो, प्रत्येक कडव्यात तान वेगळी पडते. इतर संग्राहक लिहिताना हे सगळं सरळ करून टाकत. ग्रेंजरनं ते जसंच्या तसं ठेवलं. अमेरिकेतल्या बँडमास्टरांच्या संघटनेच्या १९३७ च्या मिलवॉकी अधिवेशनासाठी त्यानं या गीतांवरून सहा भागांचा सूट बांधला. एका भागात तर मोजणीच नाही. प्रत्येक ठोक्याची लांबी कंडक्टरनं ठरवायची. पहिल्या प्रयोगात वादकांना न झेपल्यामुळे सहांपैकी तीन भाग गाळावे लागले. पुढे कित्येक वर्षं कंडक्टरांना ही रचना आवळलेल्या छोट्या स्कोअरवरून बसवावी लागत होती. १९८७ साली फ्रेडरिक फेनेलनं पूर्ण स्कोअर संपादित करून दिला तेव्हा प्रत्येक वाद्याचा पार्ट एका नजरेत आला.

शाहिराची फेक, जात्यावरची ओवी, गोंधळ्याच्या संबळावरची लय ऐकताना ग्रेंजर आठवतो तो यामुळे. पोवाड्यात शाहीर ओळ ताणतो, मग पुढचे शब्द घाईनं टाकून ताल गाठतो. बँडवर पोवाडा बसवताना आपण तो चार-चारच्या चौकटीत सरळ करून टाकतो आणि त्याचा जीवच निघून जातो. पाच-आठ, सात-आठ असे मापं बदलत जाणारे तुकडे लिहायला हरकत काय? झपताल आणि रूपकात वाढलेल्या कानांना ते परके नाहीत.

आता त्या फेनेलविषयी. १९५२ साली रोचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत त्यानं नवा ताफा उभा केला. शंभरेक वादकांच्या बँडऐवजी, एका पार्टला शक्यतो एकच वादक आणि रचनेला हवीत तेवढीच वाद्यं. त्यानं जगभरच्या सुमारे ४०० संगीतकारांना पत्रं धाडली: आमच्यासाठी लिहा, वाद्यं तुम्हाला हवी ती निवडा. पहिल्या उत्तरांत ग्रेंजर, पर्सिकेटी आणि व्हॉन विल्यम्स यांची उत्तरं होती. बँडसाठी लिहायला मोठे संगीतकार तयार नसतात, ही समजूत त्या पत्रांनी पुसली. नवं वाङ्मय कंडक्टरच्या मागणीतून जन्माला येतं, आणि मागणी करणं हे त्याच्या कामाचाच भाग आहे.

मागणीतून काय निपजतं याची दोन उदाहरणं. इथाका कॉलेजच्या बँडनं कारेल हुसाकडे रचना मागितली. हुसा मूळचा प्रागचा, अमेरिकेत स्थायिक झालेला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि त्यानं ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ लिहिलं. पंधराव्या शतकातलं एक हुसाइट युद्धगीत टिंपनीवर दबक्या आवाजात सुरू होतं आणि शेवटी सारा बँड ते एका सुरात उचलतो. दुसरं उदाहरण अलीकडचं. १७ जून २०१५ रोजी अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ ओमर थॉमसनं ‘ऑफ अवर न्यू डे बिगन’ लिहिलं. तिथे वादक वाद्यं खाली ठेवून गुणगुणतात, पाय आपटतात, टाळ्या वाजवतात. २०१९ साली त्याच्या ‘कम संडे’ला रेव्हेली पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय संगीतकार ठरला. बँडला मोठं दुःख पेलता येतं. आपल्याकडे अजून ते त्याला कुणी सोपवलेलं नाही.

सिनेमाची गाणी वाजवणं कमी दर्जाचं, असं मात्र कुणी समजू नये. जपानमध्ये नाओहिरो इवाई यांनी १९७२ पासून ‘न्यू साउंड्स इन ब्रास’ ही मालिका चालवली: लोकप्रिय गाणी, चित्रपटसंगीत, जॅझ, सगळं बँडसाठी नव्यानं लिहिलेलं आणि पार्टसकट छापलेलं. शाळाशाळांतल्या मुलांनी ते वाजवलं. त्याच देशात वार्षिक स्पर्धेसाठी नव्या रचना लिहवून घेतल्या जातात, म्हणजे एकाच मोसमात हजारो मुलं नव्या संगीतावर तालीम करतात. मुंबई पोलिसांच्या बँडनं २०२२ साली ‘श्रीवल्ली’ वाजवलं तेव्हा ते घराघरांत ऐकलं गेलं. उत्तम लिहिलेलं गाणं बँडवर किती खुलतं, याचा तो पुरावा. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व हे बँड ऐकायला लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. त्यांच्याकडे कान आहे, दम आहे, पिढ्यांचा अनुभव आहे. नसतो तो छापील स्कोअर. बहुतेक बँडमध्ये मास्तर गाणं ऐकतो, पार्ट वहीत उतरवतो, वही ट्रंकेत जाते, आणि मास्तरांनंतर ती कुणाला वाचता येत नाही. असा किती मोठा ठेवा गेला असेल या विचारानं जीव तुटतो.

लिहिणारे हात आपल्याकडे कमी नव्हते. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सोल्फा शिकलेले वादक मुंबईला आले आणि त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचे पार्ट लिहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी भारतीय रागांवरच्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. राग पन्नास-शंभर वादकांना लिहून देता येतो, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

लिहिताना अडतं कुठे, हेही या व्यासपीठावर बोलायला हवं. पहिली अडचण पट्टीची. बहुतेक वाद्यं बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅटमध्ये बांधलेली, म्हणून काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या बँडच्या घरच्या पट्ट्या. पांढरी दोन किंवा पांढरी तीनमधलं गाणं तसंच उचललं, तर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांपुढे चार ते सहा शार्प येतात आणि तालमीचा निम्मा वेळ त्यात जातो. गायकाची पट्टी सोडा, षड्ज बँडच्या सोयीनं ठेवा. दुसरी अडचण मींडेची. ट्रोम्बोनला ती सहज येते, क्लॅरिनेटला बोटं हळूहळू उचलून येते, कॉर्नेटला अर्धा व्हॉल्व्ह दाबून थोडीफार. युफोनियमकडे ती मागूच नये. त्याला षड्ज-पंचमाचा भरदार आधार द्यावा. कुठल्या वाद्याला काय झेपतं हे पार्टवर स्पष्ट लिहिलं, तर भूप आणि यमनही बँडवर शोभतात.

आज हाताशी बरंच आहे. अमेरिकेच्या मरीन बँडनं सूझाच्या मार्चेसचे संपादित स्कोअर, पार्ट आणि ध्वनिमुद्रणं विनामूल्य खुली केली आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. होल्स्ट १९३४ साली गेला. व्हॉन विल्यम्सच्या रचना इथे २०१८ अखेर आणि ग्रेंजरच्या २०२१ अखेर मोकळ्या झाल्या. नव्या संपादित आवृत्त्यांवर संपादकाचा हक्क वेगळा असू शकतो, आणि ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे, हे दौऱ्यावर निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. सिनेमाच्या गाण्यांबाबत १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, सरकारी समारंभ आणि लग्नाची वरात यांतल्या वादनाला सूट आहे. तिकीट लावून केलेला कार्यक्रम किंवा छापलेली मांडणी त्यात बसत नाही. तिथे परवानगी घ्यावी, आणि संगीतकाराला त्याचे पैसे मिळावेत.

करोनाच्या काळात, २०२० साली, अमेरिकेतल्या संगीतकारांनी आणि कंडक्टरांनी मिळून लवचीक रचनांचा उपक्रम सुरू केला. चार-पाच आवाजांचं लेखन. प्रत्येक आवाज ज्याच्याकडे जे वाद्य असेल त्यानं घ्यायचा. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न आपल्या शाळांत क्वचितच दिसतात. आपल्याला हीच तऱ्हा सर्वांत उपयोगी.

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात सैन्यदलांचे बँड वाजतात. २०२२ साली ‘अबाइड विथ मी’ गाळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घेतलं गेलं, २०२३ साली २९ भारतीय धुना वाजल्या. म्हणजे भारतीय सुरावटींची पक्की, कसलेली मांडणी लष्कराच्या कपाटांत आहे. शाळांच्या आणि नागरी बँडना ती सोप्या रूपात मिळावी, अशी लेखी विनंती या परिषदेनं संरक्षण मंत्रालयाकडे करावी.

दुसरा प्रस्ताव आपल्या स्वतःच्या खिशाला हात घालायला लावणारा आहे. परदेशात अनेक बँड वर्गणी काढून एका संगीतकाराकडून एक रचना लिहवून घेतात आणि प्रत्येक बँड आपल्या गावी तिचा पहिला प्रयोग करतो. इथल्या बँडनीही तसंच करावं. ओवी, पोवाडा आणि गोंधळ यांवर तीन भागांचा, पाच आवाजांत लिहिलेला, बारा वादकांतही उभा राहणारा सूट एखाद्या तरुण मराठी संगीतकाराकडून मागवावा. मानधन आगाऊ ठरवावं, पूर्ण स्कोअर आणि सगळे पार्ट टाइपसेट करून घ्यावेत, हक्क संगीतकाराकडे राहावेत आणि वर्गणीदार बँडना वादनाची कायम परवानगी असावी. मसुदा दुपारच्या सत्रात चर्चेला येईल. ज्यांच्या घरी जुन्या पार्टांच्या वह्या असतील, त्यांनी त्या पुढच्या बैठकीला सोबत आणाव्यात. स्कॅन करण्याची व्यवस्था तिथेच ठेवू.