वस्तीची संघटना आणि सरकारी अनुदान



भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि १९८४ च्या मे महिन्यातील दंगल, एवढेच बहुतेकांना आठवते. त्याच भिवंडीत पुढे जे घडले त्याची चर्चा क्वचितच होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच गल्लीत वावरणारे हिंदू आणि मुसलमान त्यांत नियमित एकत्र बसू लागले. किरकोळ तंटे तेथेच मिटू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्या कोणत्याही अनुदान योजनेच्या पोटी जन्मल्या नव्हत्या.

यावरून कोणी म्हणेल, समाजाचे काम राजाश्रयाविनाच व्हावे. आपल्या कानांना हे गोड वाटते. पण ते अर्धेच खरे आहे. २००६ च्या जुलैमध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून याच शहरात हिंसाचार उसळला आणि दोन पोलीस मारले गेले. एकदा बांधलेली घडी आपोआप टिकत नाही. तिला रोज माणूस, वेळ आणि पैसा लागतो. बारा तासांची पाळी करणाऱ्या, उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातून आलेल्या मागकामगाराने तो कोठून आणावा?

म्हणून शासनाची जबाबदारी उरतेच, आणि शासनाने पैसा दिलेलाही आहे. १ डिसेंबर १९९७ पासूनच्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ७५ व २५ टक्के होता. तिने वस्तीतील स्त्रियांचे शेजारगट आणि त्यांवर समुदाय विकास संस्था अशी रचना केली. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. त्यात बचत गटाला १० हजार रुपयांचा फिरता निधी आणि अशा गटांच्या वस्तीपातळीवरील संघाला ५० हजार रुपये ठेवले होते. गट बांधून दोन वर्षे सांभाळणाऱ्या संस्थेलाही प्रत्येक गटामागे १० हजार रुपयांपर्यंत तरतूद होती.

गोम येथेच आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री गटाला लागू. मोजदाद मात्र गटांच्या संख्येची. संख्या पुरी करण्यासाठी बांधलेला गट निधी मिळताच विरण्याचा धोका असतो. शिवाय भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दरवर्षी गावी जाऊन येणाऱ्या कुटुंबाला स्थिर गटात सामावणे अवघड. पात्रतेचे कागदही त्याच्याकडेच सर्वांत कमी!

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि तीन डझनांहून अधिक जीव गेले. अशा जीर्ण इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी होतात तेव्हा मालक बोलतो, विकासक बोलतो, पालिका बोलते. भाडेकरूच्या वतीने बोलणारी, हिशेब राखून असलेली संघटना वस्तीत आधीपासून असेल, तरच त्याचे नाव यादीत राहते.

उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. पुढची योजना आखताना पैसा गटाच्या वर्षभराच्या बचतीनंतर आणि थेट गटाच्या खात्यात जावा, मध्यस्थ संस्थेचा मोबदला गट तीन वर्षे टिकल्यावरच पूर्ण द्यावा, भाडेकरूला रहिवासी मानावे आणि कोणत्या गटाला किती मिळाले याची यादी प्रभाग कार्यालयाबाहेर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लावावी.