चार अब्जांचा एक आकडा



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. समोर आलेला आकडा आधी फोडून पाहायचा, मग मान्य करायचा, ही आमची जुनी खोड. आजचा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९७.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा नावाचे न्यायाधिकारी होते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. दोनाचा वर्ग करा, आलेल्याचा पुन्हा वर्ग करीत चला, आणि प्रत्येक वेळी एक मिळवून पाहा. दोनापासून धरले तर ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या. तेव्हा पुढच्याही तशाच, असे फर्मांनी मानले. सहावा आमचा आकडा!

ऑयलर यांनी १७३२ साली तो फोडला. आंधळेपणाने नव्हे. याचा मूळ भाजक ६४च्या पटीत एक मिळवूनच येणार, हे त्यांनी ओळखले. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ असे मोजकेच. पहिल्या चारांनी बाकी उरते. ६४१ने भाग निःशेष जातो. उत्तर ६७,००,४१७. यात पदवीचे काम नाही, शाळेतला भागाकार पुरतो. घरी जाऊन अवश्य करून पाहा.

त्या पाचांपुढे या साखळीत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. ती नाहीच, असेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.