प्रेशर पडतंय, की नुसता आकडा पडतोय?

तुम्ही इअरफोन लावून लोकलमध्ये असाल किंवा गाडी लोड व्हायची वाट बघत केबिनमध्ये बसला असाल, आजचा विषय आहे डिझेल ट्रकचं फ्युएल प्रेशर. स्क्रीनवर ते स्थिर राहत नाही, मध्येच धाडकन पडतं आणि परत वर जातं. अशा वेळी आधी काय तपासायचं आणि खिशात हात कधी घालायचा, एवढंच आज बोलू.

मी नवी मुंबईत सॉफ्टवेअरचं काम करतो, मेकॅनिक नाही. पण माझ्या मामाचा स्वतःचा ट्रेलर आहे. न्हावा शेवाहून कंटेनर उचलायचा, कळंबोलीहून एक्सप्रेस-वे धरायचा, बोरघाट चढून चाकणला उतरवायचा. गाडी एकच, आणि तिच्यावर बँकेचा हप्ता. पावसाळ्यात चेक लाइट लागायला लागला, पिकअप जायचा, प्रेशरचा आकडा उड्या मारायचा. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि हाय प्रेशर पंप गेला म्हणून सांगितलं. पंपाचा खर्च म्हणजे दोन-तीन हप्ते. मामा म्हणाला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? तो आकडा खरा आहे का, ते तरी बघ."

मामाचा प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्याआधी सिस्टिम समजून घेऊ.

कॉमन रेल इंजिनमध्ये दोन वेगळी प्रेशर असतात. टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल येतं ती कमी दाबाची बाजू, तिथे काही बार एवढंच प्रेशर. मग हाय प्रेशर पंप तेच डिझेल रेलमध्ये ढकलतो. तिथे लोडवर १६०० बार किंवा त्याहूनही जास्त. ट्रकमध्ये ही पद्धत पहिल्यांदा १९९५ साली जपानमध्ये आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि आता नव्या अवजड गाडीत रेल, सेन्सर आणि ईसीयू असतातच.

रेलवरच्या सेन्सरला साधारण तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. बऱ्याच सेन्सरवर प्रेशर शून्य असताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण प्रेशरला साडेचारच्या आसपास. म्हणजे ईसीयूला प्रेशर दिसतच नाही, दिसतात ते व्होल्ट. कपलरमध्ये पाणी गेलं, पिनवर हिरवा गंज चढला किंवा वायर क्लिपला घासून सोलली, की रेलमध्ये काहीही न होता आकडा उडतो.

आता गंमत बघा. खोटा आकडा खरा बिघाड घडवतो. सेन्सरने प्रेशर कमी दाखवलं की ईसीयू पंपाला जास्त डिझेल घ्यायला लावतो, मग खरं प्रेशर वर जातं, इंजिन ठोके देतं. सिग्नल फारच वेडावाकडा आला तर ईसीयू ताकद कापतो. म्हणून "पिकअप गेला, म्हणजे पंप गेला" हे गणित चुकतं.

ट्रकमधले कंट्रोलर जे१९३९ नावाच्या भाषेत बोलतात. त्यात रेल प्रेशरचा नंबर एसपीएन १५७. त्याच्यासोबत एफएमआय २ आला, तर अर्थ एवढाच: माहिती अस्थिर, तुटक किंवा चुकीची. त्यात पंपाचा उल्लेखच नाही.

मोबाइल ॲपवरही लगेच विश्वास ठेवू नका. जे१९३९ मध्ये एका बाइटच्या आकड्यात २५५ म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. कमी दाबाच्या बाजूचं प्रेशर ४ किलोपास्कलच्या पटीत पाठवलं जातं. ॲपने २५५ ला सरळ ४ ने गुणलं तर स्क्रीनवर १०२० किलोपास्कल, म्हणजे १० बारच्या वर! प्रत्यक्षात तिथे काही नाही.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? सगळ्यात स्वस्त टेस्ट अशी. इंजिन बंद करून रेलचं प्रेशर उतरू द्या. मग फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर लाइव्ह रीडिंग लावा. आता आकडा शून्याजवळ स्थिर असायला हवा. एकाने स्क्रीन बघायची, दुसऱ्याने सेन्सरची वायरिंग आणि कपलर हळूहळू हलवायचा. आकडा हलला, तर दोष वायरिंग, कपलर किंवा सेन्सरचा. पंप फिरतच नाहीये, तर त्याला दोष कसा देणार? सोबत मल्टिमीटरने ५ व्होल्ट आणि अर्थ तपासा. कधी दुसराच सेन्सर शॉर्ट होऊन तो ५ व्होल्टचा सप्लाय खाली ओढतो.

आकडा हलला नाही, तर गाडी लोडवर चालवून मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर एकाच ग्राफवर बघा. खड्ड्यात आपटल्यावर क्षणात पडून परत येत असेल, तर संशय पुन्हा वायरिंगवर. घाटात लोड वाढेल तसं हळूहळू मागे पडत असेल, तर डिझेल कमी पोचतंय. तिथे क्रम ठेवा: टाकीचा ब्रीदर, जाळी, फिल्टर, वॉटर सेपरेटरमधलं पाणी, मग होसचे जॉइंट. पंप जिथे टाकीतून डिझेल ओढतो, तिथे लीक असला तर थेंब बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. थोडा वेळ पारदर्शक होस लावला की बुडबुडे दिसतात. हे सगळं ठीक असेल तर मीटरिंग व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरचं रिटर्न तपासायचं. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

मामाच्या गाडीचं कपलर हलवल्याबरोबर आकडा शून्यावरून कित्येक शे बारवर उडाला. आतल्या पिनवर गंज होता आणि मागची वायर ब्रॅकेटला घासली होती. वायरमनने नवीन कपलर टाकला, वायर स्लीव्ह घालून बांधली. नंतर भरलेला कंटेनर घेऊन घाट चढताना दोन्ही ग्राफ सोबत चालले. पंप जुनाच आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. जुन्या गाड्यांमध्ये मिसिंग शोधायला मिस्त्री चालू इंजिनवर नोझलचा पाइप ढिला करायचे. कॉमन रेलवर हे कधीच करू नका. लीक शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा वापरा. एवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. वरून टोचल्याएवढी खूण दिसली तरी आत मोठी इजा असू शकते, हात गमवावा लागू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पुढच्या वेळी कोणी "पंप बदला" म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा: "दादा, इंजिन बंद असताना रीडिंग किती येतं?" हा एपिसोड तुमच्या ओळखीच्या गाडीवाल्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.