आधी शंकू, मग ट्रॅक



संयोजकांनी मला फोनवर आधीच बजावलं होतं, "नोकरीवर बोलू नकोस, निम्मी बॅच आयटीतच आहे. छंदावर बोल." माझ्या आधी गच्चीवरच्या बागेवर आणि हार्मोनियमवर छान बोलणं झालं. माझा छंद त्या मानाने जरा आडदांड आहे. मी कॅलिफोर्नियात राहते, आठवडाभर सॉफ्टवेअर लिहिते आणि महिन्यातून एखाद्या सुट्टीच्या दिवशी गाडी जोरात चालवते. ती रस्त्यावर नव्हे, तर बंद जागेत, रीतसर परवानगीने आणि हेल्मेट घालून. ग्रुपवर फोटो टाकला की मला दोन प्रश्न हमखास येतात. एक, "भीती वाटत नाही का गं?" आणि दुसरा, "आमच्या पोराला वेड लागलंय, त्याने सुरुवात कुठून करायची?" दुसऱ्याचं उत्तर देताना पहिल्याचंही उत्तर आपोआप येईल.

हौशी माणसासाठी तिकडे या छंदाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक ऑटोक्रॉस आणि दुसरा ट्रॅक डे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हेल्मेट, टायरचा वास, उन्हात उभ्या गाड्या. आतून मात्र दोन्हींत फार फरक आहे.

आधी ऑटोक्रॉस. एखाद्या स्टेडियमचा रिकामा पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी घ्यायची आणि तिथे नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तेच हे प्लास्टिकचे शंकू. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था आहे. ती या प्रकाराला 'सोलो' म्हणते, कारण गाडी दुसऱ्या गाडीशी अंगाला अंग लावून धावत नाही. एक गाडी सुटली की बऱ्याच अंतराने दुसरी सुटते आणि स्पर्धा फक्त घड्याळाशी असते. या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्का राज्यातल्या लिंकन या गावी भरते.

एक फेरी साधारण ४५ ते ६० सेकंदांची. दिवसभरात अशा चार-पाच, फार तर सहा फेऱ्या मिळतात. म्हणजे पहाटे उठून, तासभर प्रवास करून, संध्याकाळपर्यंत उन्हात थांबून प्रत्यक्ष गाडी चालवायची ती पाच मिनिटं! माझ्या सासूबाईंना हा हिशेब अजून पटलेला नाही. उरलेल्या वेळात काय करायचं? काम. प्रत्येकाला एका पाळीत मैदानात उभं राहून पडलेले शंकू पुन्हा जागेवर ठेवावे लागतात. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती खडूने चौकट आखलेली असते. शंकू आडवा झाला किंवा चौकटीबाहेर गेला की तुमच्या वेळेत दोन सेकंद वाढतात. दोन शंकूंमधलं दार चुकलं तर ती फेरीच बाद.

मार्ग दर वेळी नवा असतो. सकाळी सगळे जण तो पायी चालून पाठ करतात. वही न घेता केलेलं पाठांतर म्हणा. पुटपुटत, हातवारे करत पन्नास-साठ माणसं रिकाम्या मैदानात फिरताना पाहिली की नवख्याला वाटतं, आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो. वेग फारसा नसतो. बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच फिरतात आणि ताशी शंभर किलोमीटरपुढे क्वचितच जातात. पण वळणं इतक्या लागोपाठ येतात की डोळ्यांनी समोरच्या शंकूकडे पाहिलं तर पुढचा हुकलाच. नजर कायम दोन शंकू पुढे ठेवावी लागते.

गाडी कुठलीही चालते. रोज ऑफिसला नेतो ती सेडान घेऊन लोक येतात. तपासणीत पाहतात ते इतकंच, की चाकांचे नट घट्ट आहेत ना, बॅटरी हलत नाही ना, ब्रेकचा पेडल कडक आहे ना आणि गाडीत सुटी वस्तू पडलेली नाही ना. सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली पेडलखाली येऊ शकते, म्हणून डबे, बाटल्या, पायपुसणी सगळं बाहेर.

आता ट्रॅक डे. इथे खरोखरचा रेसट्रॅक असतो. माझ्या भागात मॉन्टेरेजवळचा लागुना सेका आहे, सोनोमा आहे, विलोजजवळचा थंडरहिल आहे. शर्यत नसेल त्या दिवशी क्लब हे ट्रॅक भाड्याने घेतात. वीस-वीस मिनिटांची चार-पाच सत्रं मिळतात, म्हणजे तास-दीड तास चालवणं. अनुभवाप्रमाणे गट पाडलेले असतात. नवशिक्याच्या शेजारच्या सीटवर शिक्षक बसतो आणि हेल्मेटमधल्या माइकवरून सूचना देतो. प्रत्येक सत्रानंतर वर्ग भरतो, फळा आणि खडूसकट. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. काळा म्हणजे आत या. लाल म्हणजे सावकाश थांबा. नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त ठरलेल्या जागी आणि पुढच्याने हात बाहेर काढून खूण केली तरच. खंबाटकी घाटात ट्रकवाला हात हलवून "जा पुढे" म्हणतो ना, अगदी तसंच.

गंमत अशी की संथ असलेल्या ऑटोक्रॉसमध्ये हजारांश सेकंदापर्यंत वेळ मोजतात आणि वेगवान ट्रॅकवर नवशिक्यांची वेळ सहसा मोजतच नाहीत. पहिली स्पर्धा आहे आणि दुसरी शाळा. हे उलटं वाटतं, पण त्यामागे विचार आहे.

त्यासाठी भौतिकशास्त्राच्या तासाला जावं लागेल. सर समोर बसलेत, म्हणून जपून बोलते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून १८० झाले, म्हणजे वेग तिप्पट झाला, तर ऊर्जा नऊपट. ती सगळी ब्रेकने उष्णतेत बदलायची असते आणि दर फेरीला अनेकदा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या 'डॉट ४' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा धरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतो आणि पाय खाली जात राहतो. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी नवं ऑइल आणि भरपूर जाडीचे पॅड हवेतच. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक गार करायचे आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही.

लागुना सेका १९५७ साली सुरू झाला. लांबी ३.६ किलोमीटर, वळणं अकरा. त्यातलं आठवं वळण 'कॉर्कस्क्रू' म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. चढ चढून तुम्ही माथ्यावर येता आणि पुढचा रस्ता दिसतच नाही, कारण तो डावीकडे, लगेच उजवीकडे वळत सुमारे पाच मजले खाली उतरतो. न दिसणाऱ्या रस्त्यावर आधीच स्टिअरिंग वळवायला हवं. हे एका फेरीत जमत नाही. तेच वळण दिवसात तीस-चाळीस वेळा घेतलं की हळूहळू अंगात मुरतं. ट्रॅक देतो तो हा सराव आणि ही एकाग्रता. ऑटोक्रॉसमध्ये एक वळण जमतं ना जमतं तोच दिवस संपतो, आणि पुढच्या वेळी ते वळण तिथे नसतंच.

मग एकात तरबेज झालेला दुसऱ्यात चालतो का? लगेच नाही. ऑटोक्रॉसवाल्यांचे हात चपळ असतात. गाडीची शेपूट घसरली तर ते सहज सावरतात, कधी मुद्दाम घसरवतातही. तीच सवय ताशी दीडशेला महागात पडते. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. उलट ट्रॅकवाले शंकूंमध्ये आले की फार सभ्यपणे चालवतात. वळण यायची वाट पाहतात, तोवर तीन वळणं होऊन गेलेली असतात.

तरीही सगळ्यात मोठा फरक कौशल्याचा नाही, चुकीच्या किमतीचा आहे. ऑटोक्रॉसमध्ये चुकलात तर दोन सेकंद आणि बंपरवर नारिंगी डाग. ट्रॅकवर चुकलात तर बहुतेक वेळा गवत आणि धूळ, पण कधी भिंत. तिकडच्या नेहमीच्या विमा पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्या दिवसापुरता वेगळा विमा काढावा लागतो. दोन्हीकडे आधी हमीपत्रावर सही करायची असते. ट्रॅकवर ती सही करताना पेन जरा थांबतं. आमच्या कामात नवा कोड आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवतात आणि मगच लोकांच्या हाती देतात. शंकूंचं मैदान मला तसं वाटतं. चुका व्हायलाच हव्यात, त्याशिवाय गाडीची मर्यादा कळणार नाही. त्या चुका स्वस्त जागी होऊ द्याव्यात.

हे आता माझ्या घरातच कसाला लागलंय. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला थेट ट्रॅकवर जायचंय. मी म्हटलं, आधी शंकूंमध्ये एक अख्खा हंगाम काढ. ती म्हणते, "आई, तिकडे शेजारी शिकवणारा असतो, गर्दी नसते, सगळे एकाच दिशेने जातात. त्यापेक्षा तर मी रोज कॉलेजला जाते तो फ्रीवे जास्त धोक्याचा आहे." तिचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. तरी माझं उत्तर तेच आहे. पूर्ण जोराने ब्रेक दाबला की एबीएस पायाखाली थरथरतं. अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा ते जाणवतं तेव्हा दचकून ते पाय उचलतात, आणि नेमक्या त्याच क्षणी पाय दाबून ठेवायचा असतो. हे तिने चाळीसच्या वेगाने, शंकूसमोर शिकावं असं मला वाटतं.

तुमच्या मुलांचं काय? भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुधा मातीवरची स्पर्धा असते आणि डांबरावर शंकू मांडून होते तिला जिमखाना किंवा स्लॅलम म्हणतात. ट्रॅक म्हणाल तर कोइमतूरचा करी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनची शर्यत झाली. साताऱ्याहून यातलं काहीच जवळ नाही, मान्य. म्हणून पोरं यवतेश्वरचा घाट धरतात किंवा रात्रीचा हायवे. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी नोंदीनुसार त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाचे. घाटात समोरून एसटी येते, म्हशी येतात, शाळा सुटलेली मुलं येतात. त्यांनी कुठल्याच हमीपत्रावर सही केलेली नसते.

तेव्हा पोराला वेगाचं वेड असेल तर रागावून ते जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते. त्याला जिमखान्याचा पत्ता शोधून द्या आणि पहिल्यांदा सोबत जा. दहा-बारा वेळा शंकूंमध्ये फिरल्यावरही ओढ टिकली तर पैसे साठवून एकदा शिक्षकासह ट्रॅकवर पाठवा. आणि भीतीचं विचारत होतात ना? वाटते. दर वेळी ट्रॅकवर जाण्याआधी वाटते, म्हणूनच चाकांचे नट मी दोनदा तपासते.

जेवणाची वेळ झाली आहे आणि मसालेभाताचा वास इथवर आलाय, तेव्हा थांबते. ज्यांना गाड्यांवर आणखी बोलायचंय त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसावं.