देवाचे भय आणि जयपूरचा पाय



‘मुलांना देवाचे भय उरले नाही, मग नीती कोठून येणार?’ हा प्रश्न पालकसभांतून वारंवार कानी पडतो. नीतीचा उगम धर्मातच आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ती उत्क्रांतीतून आली, असे दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद जयपूरच्या एका कामाच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

१९६८च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराने आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय घडविला. परदेशी धर्तीच्या पायाला बूट लागे. तो घालून उकिडवे बसणे, चिखलातून चालणे कठीण. मंदिराच्या वा मशिदीच्या दारात तर अडचणच. नवा पाय अनवाणी चालणारा होता. तरी आरंभीच्या काळात तो फारच थोड्यांपर्यंत पोहोचला. १९७५ साली देवेंद्र राज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्याने ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली आणि हा पाय गरिबांना विनामूल्य मिळू लागला.

संस्थेला नाव महावीरांचे. काळ त्यांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या उत्सवाचा. म्हणजे धर्माचा पक्ष जिंकला? पण १९६९ साली मेहतांना भीषण मोटार अपघात झाला होता आणि त्यांचा स्वतःचाच पाय जाण्याची वेळ आली होती. मग ही करुणा आगमांतून आली की अंथरुणावर भोगलेल्या वेदनेतून? हे धागे वेगळे करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा गुंताच लागेल.

दुसऱ्याची वेदना जाणण्याची शक्ती मात्र फार जुनी आहे. समूहाने राहणाऱ्या प्राण्यात बुद्धी वाढली की सदसद्विवेक उपजणारच, असे डार्विनने १८७१ साली मांडले. इराकमधील शानिदर गुहेत १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. उजवा हात खुरटलेला, पाय अधू, एका डोळ्याची दृष्टी बहुधा गेलेली. तरी तो चाळिशीच्या आसपास पोहोचला होता. कोणी तरी त्याला सांभाळले असले पाहिजे. तेव्हा कोणताही धर्मग्रंथ नव्हता.

परंतु ते सांभाळणारे हात त्याच्याच टोळीचे असावेत. परक्याचे काय? उत्क्रांतीने दिलेली माया सहसा आपल्या चुलीपाशी थांबते. ती सर्व भूतांपर्यंत न्यावी, असे धर्मांनी सांगितले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. आणि त्याच धर्मांच्या नावाने माणसांनी नव्या टोळ्या केल्या, हेही.

भयाची गोष्ट निराळी. पहारेकरी दिसेनासा झाला की भय ओसरते. त्यातून आज्ञापालन घडते, नीती नव्हे. परलोकाचा आधार न घेणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी पैशाची वाट सोडून शिक्षकी पत्करली, १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला आणि लोकनिंदा सोसूनही आपली मते सोडली नाहीत. चिंतातुर पालकांनी त्यांचे चरित्र मुलांच्या हाती अवश्य द्यावे.

जयपूरच्या त्या केंद्रात जात वा धर्म पाहून पाय दिला जात नाही. रात्री-अपरात्री आलेल्यालाही आश्रय मिळतो. कारागिराला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की पाय गुडघ्याच्या वर तुटला आहे की खाली.